ठाणे-नवी मुंबईतील जुन्या घरांवरचे सिमेंटचे पत्रे आणि ॲस्बेस्टॉस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल लागला की ठाण्यातल्या चाळींवर, नवी मुंबईतल्या सिडकोच्या बैठ्या घरांवर आणि सोसायट्यांच्या गच्च्यांवर पत्रे बदलण्याची कामे निघतात. पाऊस यायच्या आत छप्पर झाकायचे असते, म्हणून जुने पत्रे हातोडीने फोडून वरूनच खाली सोडले जातात आणि उरलेला चुरा झाडूने लोटला जातो. या जुन्या पत्र्यांपैकी पुष्कळ ॲस्बेस्टॉस सिमेंटचे, म्हणजे ॲस्बेस्टॉस या खनिजाचे बारीक तंतू कालवलेल्या सिमेंटचे असतात, आणि त्यात सर्वांत घातक असतो तो हा उडणारा चुराच. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे पाहतो. रहिवासी, कमिटीचे लोक आणि कधी कधी पत्र्यावर चढणारे कामगारही जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे इथे देत आहे.

आमच्या घरावर ‘सिमेंटचे पत्रे’ आहेत. त्यात ॲस्बेस्टॉस असतेच का?

करडा, पन्हाळीचा, सिमेंटसारखा दिसणारा जुना पत्रा असेल तर ॲस्बेस्टॉस आहे असे धरूनच चालावे. अशा पत्र्यात साधारण ८ ते १० टक्के पांढरे ॲस्बेस्टॉस (ॲस्बेस्टॉसचा एक प्रकार) असते, बाकी मुख्यतः सिमेंट. मातीच्या भिंतीत जसा भाताचा पेंढा कालवतात, तसे हे तंतू सिमेंटला धरून ठेवतात. त्यामुळे पत्रा पातळ असूनही टिकतो, गंजत नाही, जळत नाही आणि स्वस्त पडतो. गिरण्या आणि कारखान्यांच्या काळात चाळींची मंगलोरी कौले उतरवून त्या जागी हेच पत्रे चढले. वागळे इस्टेट, किसननगर, कळवा, कोपरी, तुर्भे, ऐरोली, घणसोली कुठेही उंच इमारतीवरून खाली पाहा, करड्या पत्र्यांची रांग दिसतेच.

नुसते पाहून नक्की ओळखता येते का?

पूर्ण खात्रीने नाही. आता ॲस्बेस्टॉस नसलेले फायबर सिमेंटचे पत्रेही मिळतात आणि ते दिसायला जवळजवळ सारखेच असतात. एक खूण उपयोगी पडते. पत्र्यावर छापलेले मानक वाचता आले आणि ते ‘आयएस ४५९’ असेल, तर तो ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पत्रा. ‘आयएस १४८७१’ असेल तर तो ॲस्बेस्टॉस नसलेल्या प्रकारातला. पण वीस-तीस पावसाळे खाल्लेल्या पत्र्यावर छाप उरत नाही. तुटलेल्या कडेला केसासारखे बारीक तंतू बाहेर आलेले दिसले तर संशय बळावतो, मात्र ते पाहण्यासाठी पत्रा मुद्दाम मोडू नका.

खात्री करायची तर तुकडा प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. आधीच तुटलेला, अंगठ्याएवढा तुकडा पाण्याने भिजवून घ्यावा, दोन पिशव्यांत बंद करावा आणि राष्ट्रीय मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला आधी फोन करून ही तपासणी करतात का ते विचारावे. मोठ्या सोसायटीने किंवा शाळेने हा खर्च जरूर करावा. चार-सहा पत्र्यांच्या घरासाठी मात्र माझे मत वेगळे आहे. ॲस्बेस्टॉस आहेच असे समजून काम करा आणि तपासणीचे पैसे चांगल्या मास्कवर घाला.

छपराशिवाय घरात किंवा इमारतीत आणखी कुठे असू शकते?

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे इमारतीच्या मागचा डक्ट. जुन्या इमारतींत पावसाचे पाणी खाली आणणारे आणि संडासाच्या वायुवाहिनीचे पाइप अनेकदा ॲस्बेस्टॉस सिमेंटचे असतात. प्लंबर त्यांना ‘एसी पाइप’ म्हणतात. बीडाच्या पाइपाला चुंबक चिकटतो, एसी पाइपाला चिकटत नाही. गळती निघाली की प्लंबर ग्राइंडर लावून हा पाइप कापतो, आणि अरुंद डक्टमधली सगळी धूळ शेजारच्या स्वयंपाकघरांच्या आणि न्हाणीघरांच्या खिडक्यांतून आत जाते. पाइप बदलायचा असेल तर तो सांध्यावर सोडवून अखंड उतरवायला सांगा. कापणे टळणारच नसेल तर पाणी मारत, हाताच्या करवतीने, हळू.

याखेरीज खिडक्यांवरचे छज्जे, पार्किंगच्या शेड, सपाट पत्र्यांचे पार्टिशन, जुन्या पाण्याच्या टाक्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या जुन्या कारखान्यांत बॉयलर आणि वाफेच्या पाइपांवरचे आवरण, दोऱ्या, गॅस्केट यांत ते असू शकते. हे आवरण पत्र्यापेक्षा फार भुसभुशीत असते, हात लागला तरी तंतू सुटतात. त्याला घरगुती पद्धतीने कधीही हात घालू नये.

यातून नेमके होते काय?

तंतू डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात, हवेत तासन्‌तास तरंगतात आणि श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जातात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत. वर्षानुवर्षे धूळ गेलेल्यांची फुप्फुसे घट्ट, चरबट होत जातात, दम लागतो. हा ॲस्बेस्टॉसिस. शिवाय फुप्फुसाचा कर्करोग, आणि फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, पांढऱ्यासकट, माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहेत.

आजार यायला बहुधा २० ते ४० वर्षे लागतात. म्हणूनच ‘आमचे मिस्त्री आयुष्यभर हेच करतात, त्यांना कुठे काय झाले?’ या बोलण्याला अर्थ नाही. पंचविशीत पत्रे फोडणारा मुलगा साठीत आजारी पडतो, तोवर तो गावी परतलेला असतो आणि त्याचा दम कोणी या पत्र्यांशी जोडत नाही. मला या विषयाची सर्वांत मोठी बोच हीच आहे.

आम्ही वीस वर्षे अशाच छपराखाली राहतोय. तपासणी करून घ्यावी का?

घाबरून जाऊ नका. अखंड पत्र्याखाली राहणे आणि रोज तो कापणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पत्र्यात तंतू सिमेंटने बांधलेले असतात, आणि ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या कामगाराइतकी धूळ घरात होत नाही. एखाददुसऱ्या वेळी धूळ गेली म्हणून दुसऱ्या दिवशी करता येईल अशी कुठलीही चाचणी नाही. एक्स-रे तेव्हा स्वच्छच येईल.

ज्यांनी पत्र्यांचे, इन्सुलेशनचे किंवा बॉयलरचे काम वर्षानुवर्षे केले आहे, किंवा अशा कामगाराचे धुळीचे कपडे ज्यांनी घरी धुतले आहेत, त्यांनी मात्र छातीच्या डॉक्टरांना ही माहिती स्वतःहून सांगावी. कपड्यांच्या धुळीतून घरच्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याचे जगभर नोंदले गेले आहे. डॉक्टर फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी, एक्स-रे, गरज पडल्यास सीटी स्कॅन सांगतील. ॲस्बेस्टॉसिस हा आपल्या कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे, त्यामुळे ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) विमाधारक कामगार त्यासाठी लाभ मागू शकतात. आणि विडी-सिगारेट सोडा. धूम्रपान आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी चढतो.

मग पत्रे लगेच काढायचे की राहू द्यायचे?

पत्रा अखंड असेल, तडे नसतील, पृष्ठभाग भुसभुशीत झाला नसेल, तर त्याला हात न लावणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग. जुन्या चांगल्या पत्र्याला केवळ भीतीपोटी उतरवताना जी धूळ होते, ती तो पत्रा तिथे असताना झाली नसती.

काढायची वेळ येते ती पत्रे फुटले, वाकले, कडा झडू लागल्या, खाली पांढुरकी भुकटी साचू लागली तर. किंवा छपराचे लाकूड-लोखंडच कुजले तर. अशा वेळी दरवर्षी डांबरपट्ट्या लावून दिवस काढू नका.

पत्र्यावर शेवाळ आले आहे. घासून रंग दिला तर चालेल?

रंग द्या, घासू नका. तारेचा ब्रश आणि पाण्याचा जोरदार फवारा, दोन्ही वरचा सिमेंटचा थर खरवडून तंतू मोकळे करतात, आणि ते गटारात, अंगणात, कुंड्यांत जाऊन वाळल्यावर उडतात. शेवाळावर औषध फवारून ते मरू द्यावे, ओल्या फडक्याने हलकेच टिपावे, आणि मग बाहेरच्या कामाचा ॲक्रिलिक रंग दोन हात द्यावा. आतल्या बाजूलाही रंग दिला तर उत्तमच. हे सगळे शिडीवरून किंवा फळ्या टाकून. पत्र्यावर उभे राहून कधीच नाही.

डिशची तार, एक्झॉस्ट पंख्याचे भोक, गणपतीच्या सजावटीचे हुक यांसाठी पत्र्यात ड्रिल घालू नका. हुक अँगलला किंवा वाशाला अडकवता येतो.

हे पत्रे वापरायला कायद्याने बंदी आहे का?

नाही. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे भारतात आजही कायदेशीरपणे बनतात आणि विकले जातात, कच्चा माल परदेशातून येतो. युरोपीय संघाने २००५ पासून, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीपासून बंदी घातली, अमेरिकेने पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर २०२४ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि त्यांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षे जपायला सांगितल्या. पण तो निकाल कारखान्यांपुरता. गच्चीवर पत्रे फोडणाऱ्या नाक्यावरच्या मजुराची नोंद कुठेच होत नाही.

काम कोणाला द्यायचे?

ब्रिटनसारखे परवानाधारक ॲस्बेस्टॉस काढणारे घरगुती कामासाठी आपल्याकडे नेमलेले नाहीत. जो पत्रेवाला येईल त्याच्याकडून अटी मान्य करून घेणे हे आपलेच काम. कामाच्या चिठ्ठीत स्पष्ट लिहा: पत्रे फोडायचे नाहीत, ग्राइंडर लावायचा नाही, वरून टाकायचे नाहीत, पाणी मारत काढायचे, मास्क आणि अंगभर कपडे मालकाने द्यायचे, गुंडाळून ठेवायचे. यामुळे काम एका दिवसाऐवजी दोन दिवस चालेल आणि मजुरी वाढेल. ती वाढीव मजुरी द्या, घासाघीस करू नका. उक्त्या दराने काम दिले की माणूस घाई करतो, आणि घाईत हातोडी चालते. भारतीय मानक ब्युरोची ‘आयएस ११४५१’, ‘आयएस ११७६८’ आणि ‘आयएस ११७६९’ ही मानके ॲस्बेस्टॉस हाताळणे, कचऱ्याची विल्हेवाट आणि उत्पादनांचा सुरक्षित वापर याविषयी आहेत. मोठ्या कामात कंत्राटदाराला त्यांचा हवाला द्या.

प्रत्यक्ष काढण्याची पद्धत कशी?

आधी पडण्याचा धोका. सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलत नाही, जुना तर नाहीच. पत्रा फुटून खाली कोसळून कामगार किंवा चेंडू आणायला गेलेली मुले दगावल्याच्या बातम्या नेहमी वाचायला मिळतात. ॲस्बेस्टॉसचा धोका तीस वर्षांनी येतो, हा त्याच क्षणी. शक्य तिथे खालून, परांचीवरून काम करा. वर जायचेच असेल तर दोन-तीन वाशांवर टेकतील अशा लांब फळ्या टाका आणि सेफ्टी बेल्ट पक्क्या ठिकाणी बांधा, पत्र्याच्या हुकाला नव्हे. पावसात किंवा ओल्या शेवाळावर चढू नका. आपल्याकडे हे काम खरे तर दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे. मे अखेरीच्या घाईत ते नीट होत नाही.

आदल्या दिवशी खालची खोली रिकामी करा. जे हलवता येत नाही ते प्लास्टिकने झाका, जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरा. पंखे, एसी बंद. शेजाऱ्यांना आधी सांगून त्यांच्याही खिडक्या बंद करायला लावा, वाळत घातलेले कपडे काढायला सांगा.

मग पत्रे दोन्ही बाजूंनी भिजवा. झाडांवर औषध मारायचा पाठीवरचा पंप यासाठी उत्तम, कारण त्याची धार हलकी असते. पाण्यात थोडे भांडी घासायचे द्रव साबण घातले की पाणी पत्र्यात मुरते. काम चालू असेपर्यंत पुन्हा पुन्हा मारत राहा.

पत्रे जे-बोल्टने अडकवलेले असतात. नट फिरला तर सोडवा, थोडे तेल घालून वाट पाहा. गंजून बसला असेल तर बोल्ट बोल्ट-कटरने तोडा. तिथे ग्राइंडर लावला की बोल्टसोबत पत्राही कापला जातो आणि सगळी मेहनत वाया. शेवटी बसवलेला पत्रा आधी काढायचा, म्हणजे ज्याची कड दुसऱ्याखाली दबलेली नाही तो. दोघांनी उचलून, हातोहात किंवा दोरीने, अखंड खाली उतरवा. पत्रे एकमेकांवर घासत ओढू नका.

खाली आलेला पत्रा ओला असतानाच जाड प्लास्टिकमध्ये, साधारण २०० मायक्रॉनच्या, दोन वेळा गुंडाळा आणि चिकटपट्टीने बंद करा. वर मराठीत आणि हिंदीत ठळक लिहा: ‘ॲस्बेस्टॉस – फोडू नका’. तुकडे हाताने वेचून जाड पिशवीत. वासे, भिंतीचा माथा, जमीन ओल्या फडक्याने पुसा आणि फडकी त्याच पिशवीत टाका. कोरडा झाडू नाही, घरातला व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नाही. त्याच्या साध्या फिल्टरमधून तंतू आरपार जातात आणि खोलीभर पसरतात. अतिबारीक कण अडवणारा हेपा फिल्टर असलेला औद्योगिक व्हॅक्यूम भाड्याने मिळाला तर तो चालतो.

कुठला मास्क लागतो?

रुमाल, कापडी मास्क, दवाखान्यातला निळा मास्क यांचा उपयोग शून्य. पी१०० किंवा एफएफपी३ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा. अगदीच मिळाला नाही तर एन९५, पण तो कमी पडतो हे लक्षात ठेवून पाणी जास्त मारा. दाढी असेल तर मास्क बसत नाही, कडेने हवा शिरते. कामगाराला आदल्या दिवशी सांगा. टोपीसह अंगभर येणारा एकदाच वापरायचा सूट घाला. काम संपल्यावर सूट भिजवून उलटा करत काढा, पिशवीत टाका, मास्क सर्वांत शेवटी. मग तिथेच आंघोळ. कामगारांना आंघोळीला पाणी आणि जागा द्या, धुळीच्या कपड्यांनी त्यांना लोकलमध्ये, घरी, लेकरांकडे जाऊ देऊ नका. जेवण, चहा, तंबाखू कामाच्या जागेपासून दूर, हात-तोंड धुऊन.

काम चालू असताना आम्ही घरात थांबलो तर?

थांबू नका. लहान मुले आणि म्हातारी माणसे दोन दिवस नातेवाइकांकडे ठेवा. देखरेखीला एक जण थांबायचा तर त्यानेही मास्क घालावा.

काढलेले पत्रे टाकायचे कुठे?

इथे आपली व्यवस्था सर्वांत लंगडी आहे. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ॲस्बेस्टॉस उद्योगातले टाकाऊ ॲस्बेस्टॉस घातक कचऱ्यात मोडते. असा कचरा बंदिस्त भूभरावात पुरणारी सामायिक केंद्रे आपल्या जवळच आहेत, तळोजा एमआयडीसीत आणि महापे भागात. पण ती कारखान्यांसाठी उभी राहिली, एका घराचे आठ पत्रे तिथे पोहोचवण्याची सोपी वाट नाही.

म्हणून एकट्याने धडपडू नका. आळीतल्या, सेक्टरमधल्या घरांनी किंवा सोसायट्यांनी मिळून एकत्र माल जमवावा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला (ठाण्यासाठी वागळे इस्टेट, नवी मुंबईसाठी सीबीडी बेलापूर) लेखी पत्र द्यावे: इतके पत्रे, गुंडाळलेले, कोणत्या केंद्रात आणि कशा वाहनाने पाठवायचे ते कळवा. पत्राची प्रत महापालिकेच्या घनकचरा विभागाला द्यावी. उत्तर येईपर्यंत गुंडाळलेले पत्रे सावलीत, मुलांच्या हाताबाहेर ठेवले तर ते काही त्रास देत नाहीत. मंडळाला अशी लेखी पत्रे जितकी जास्त जातील तितकी घरगुती ॲस्बेस्टॉसची वेगळी सोय करणे महापालिकांना भाग पडेल.

राडारोड्यात मात्र मिसळू नका. राडारोडा प्रक्रियेसाठी भरडला जातो, आणि भरडणे म्हणजे पुन्हा धूळच. रात्री डंपर बोलावून खाडीकाठी, कांदळवनात ओतणे हा तर गुन्हा आहे. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर यादीत आहे. कंत्राटदार ‘मी बघतो कुठे टाकायचे’ म्हणाला तर ठिकाण लिहून मागा.

चांगले पत्रे गावी नेऊन गोठ्यावर घातले तर? भंगारवाला पैसेही देतो.

नका. एकदा उतरवलेला पत्रा पुन्हा बसवताना नवी भोके पाडावी लागतात, कडा छाटाव्या लागतात. धोका फक्त ठाण्यातून जुन्नर-महाडला जातो, आणि तिथे मास्क कोणाकडेच नसतो. तुटके तुकडे पायवाटेत भरणीला किंवा गटारावर झाकायलाही वापरू नका, पायाखाली त्यांचे पीठ होते. शेकोटीत, होळीत तर कधीच टाकू नका. तापल्यावर सिमेंटचा पत्रा फटाक्यासारखा फुटतो आणि तुकडे अंगावर उडतात.

आमची इमारत पुनर्विकासाला चालली आहे. आता कशाला विचार करायचा?

उलट आताच करा. रिकाम्या इमारतीवर पोकलेन चढला की गच्चीची शेड, छज्जे, डक्टमधले एसी पाइप, सगळे एका ढिगाऱ्यात भरडले जाते आणि धूळ आजूबाजूच्या चार सोसायट्यांवर बसते. वर्तकनगरपासून वाशीपर्यंत जुन्या वसाहती पाडल्या जात आहेत. विकासकाशी करार करताना एक कलम घाला: पाडकामाआधी ॲस्बेस्टॉस असलेल्या सर्व वस्तूंची यादी होईल, त्या हाताने, ओल्या करून, अखंड काढल्या जातील आणि विल्हेवाटीची पावती सोसायटीला मिळेल. सही झाल्यावर हे मागितले तर कोणी ऐकत नाही.

मी भाडेकरू आहे. मालक पत्रे बदलत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणे मालकाचे कर्तव्य आहे. फुटक्या पत्र्यांचे फोटो लावून लेखी नोटीस द्या, आणि बदलताना वर सांगितलेली पद्धत पाळायची मागणीही त्यातच घाला. पुढचे पाऊल वकिलाला विचारून.

नवीन काय घालावे?

ॲस्बेस्टॉस नसलेला फायबर सिमेंटचा पत्रा उन्हाळ्यात सर्वांत बरा, घ्यायच्या आधी मानकाचा छाप पाहा. रंगीत लोखंडी पत्रा हलका आणि टिकाऊ, पण तापतो आणि पावसात खूप वाजतो. खाली इन्सुलेशनचा थर दिला तर दोन्ही त्रास कमी होतात. खाडीजवळच्या ऐरोली, कोपरी, वाशीत खाऱ्या हवेने साधा पत्रा लवकर गंजतो, तिथे ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा असलेला घ्या. कौलांना मजबूत सांगाडा लागतो, तो असेल तर कौलांसारखे सुख नाही.

शेजारी आत्ता ग्राइंडरने पत्रे कापत आहेत. काय करू?

खिडक्या-दारे लावा, मुलांना पलीकडच्या खोलीत न्या. मग स्वतः जाऊन मालकाशी बोला, कामगाराला ओरडू नका, त्याला कोणी काही सांगितलेलेच नसते. ग्राइंडर थांबवायला सांगा, पाण्याचा पाइप जोडून द्या, घरात चांगले मास्क असतील तर त्यांना द्या. ऐकले नाही तर फोटो, व्हिडिओ काढून सोसायटीच्या सचिवांना, प्रभाग समिती किंवा विभाग कार्यालयाला आणि प्रदूषण मंडळाला तक्रार करा. तुमच्या खिडकीच्या कट्ट्यावर, बाल्कनीत धूळ आली असेल तर ती ओल्या फडक्याने पुसा, फडके पिशवीत बंद करून टाका, आणि बाहेर वाळत असलेले कपडे न झटकता थेट पाण्यात घाला.